आधी कडीचा पाय बघा

माझं चिपळुणात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंप, पिठाच्या गिरणीची मोटर, मिक्सर, छताचा पंखा असं काहीही येतं. जळलेली कॉइल काढायची, खाचा साफ करायच्या, नवा लेदराइड कागद घालून तार भरायची, दोऱ्याने आवळायची आणि वार्निश पाजायचं. हे काम मी अडतीस वर्षं करतो आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत मोटारींच्या जोडीने मासे गरवायच्या काठ्याही यायला लागल्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या एकाच दुखण्याने येतात. काठी धड असते, पण तिच्यावरची एखादी कडी, म्हणजे ज्यातून तंगूस जातो ते गाईड, हलत असते किंवा सुटून हातात आलेली असते. कधी तिच्या पायाशी तांबूस गंजाची रेघ दिसते. काठी घेऊन आलेला मुलगा विचारतो, "काका, हे चिकटवून मिळेल का?"

मी त्याला सांगतो, चिकटवून देणार नाही, बांधून देतो. संध्याकाळी ये आणि शेजारी बसून बघ.

ज्यांनी कधी गळ टाकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आजची काठी म्हणजे काचतंतूची किंवा कार्बनतंतूची पोकळ नळी, बुडाशी अंगठ्याएवढी आणि शेंड्याकडे उदबत्तीसारखी. सात फुटी काठीवर साधारण सात-आठ कड्या असतात. मासा ओढ घेतो तेव्हा काठी वाकते आणि तिची वाक सगळ्या कड्या मिळून वाटून घेतात. अशा नळीला भोक पाडून स्क्रू घालता येत नाही, भोक पाडलं तिथेच ती मोडेल. वेल्डिंगचा प्रश्नच नाही. नुसता गोंद वाकताना सुटतो. मग उरतो तो धागा. कडीला दोन्ही बाजूंना किंवा एकाच बाजूला चपटा पाय असतो. तो पाय काठीवर ठेवून वरून धाग्याचे वेढे घालायचे, वेढ्याला वेढा लागून, मध्ये केसाएवढीही फट न ठेवता. वरून इपॉक्सीचा पातळ लेप द्यायचा. कडी धाग्याने धरलेली असते आणि लेप त्या धाग्याला पाण्यापासून राखतो. बहुतेकांच्या मनात हा क्रम उलटा असतो. धागा शोभेचा आणि चमकणारा लेप मजबुतीचा, असं ते समजतात. विकणारेही तसंच समजतात, ही माझी तक्रार आहे.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली ते महाराष्ट्राने पाहिलं. माझ्या दुकानात पाणी माळ्यापर्यंत गेलं. माळ्यावर माझ्या दोन काठ्या होत्या. एक विकत घेतलेली, नावाजलेल्या कंपनीची, कंपनीचं नाव घेत नाही. दुसरी मी स्वतः नुसत्या नळीवर कड्या बांधून केलेली. चिखल उपसण्यात आठ दिवस गेले, मग दोन्ही काठ्या गोड्या पाण्याने धुऊन खुंटीला टांगल्या. दिवाळीच्या सुमारास काढून पाहिल्या तर विकतच्या काठीवर तीन कड्यांच्या पायाशी लेप पांढरट झालेला आणि आतून गंज उमटलेला. मी ब्लेडने धागा उभा कापून उघडला. आत पायाच्या टोकापाशी एक बारीक बोगदा होता आणि त्यात पुराच्या गाळाची रेघ बसली होती. कारखान्यात पायाचं टोक बोथट राहिलं होतं. धागा काठीवरून त्या पायावर चढताना उडी मारून गेला आणि खाली पोकळी राहिली. वरून जाड इपॉक्सी ओतल्यामुळे ती दुकानात कुणाला दिसली नाही. काठी वाकत राहिली तशी लेपाला तडा गेला आणि पाण्याला वाट मिळाली.

माझ्या काठीच्या सात कड्यांपैकी सहा जशाच्या तशा होत्या. सातवीच्या पायाशी मात्र तसाच गंज. ती कोणती हे मला आठवत होतं. एका रात्री वीज जायच्या आत संपवायची म्हणून मी पाय न घासता बांधली होती. त्याच माळ्यावर, त्याच पुरात, त्याच धाग्याने बांधलेल्या कड्या, आणि निकाल लागला तो केवळ बांधणीच्या स्वच्छतेवर. तेव्हापासून या विषयावर मी ठाम आहे.

स्वच्छ बांधणीची सुरुवात कानशीपासून होते. नवी कडी हातात घेऊन पायाच्या टोकावरून नख फिरवा. नखाला पायरी लागली तर धाग्यालाही लागणार. बारीक कानशीने टोक इतकं उतरतं करायचं की नख काठीवरून पायावर न अडखळता गेलं पाहिजे. खालची बाजूही बघायची, कारण तिथे धातूची धारदार कड राहिली तर ती काठीचे तंतू कापत राहते. मग पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. एका कडीला या कामाला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं वाचवलेली काठी मी पहिल्या नजरेत ओळखतो.

धागा कोणता, हेही महत्त्वाचं. शिंप्याकडचा साधा धागा आखूड तंतू पिळून केलेला असतो. लेप दिल्यावर त्याची लव काट्यांसारखी उभी राहते. काठीसाठी अखंड तंतूचा नायलॉन किंवा पॉलिस्टर धागा लागतो. हलक्या काठीला ए नंबरचा बारीक, जड काठीला डी नंबरचा जाड. बारीक धाग्याची जाडी मिलिमीटरच्या पंधरा शतांशाच्या आसपास, म्हणजे एका इंचात दीडशेच्या वर वेढे. एका काठीवर हजार वेढे सहज होतात आणि त्यातला एक जरी दुसऱ्यावर चढला तरी डोळा तिथेच जातो.

माझ्या धंद्याचा इथे फार उपयोग झाला. कॉइल गुंडाळताना फर्मा फिरतो आणि तार एका जागी ताणात उभी राहते. काठीचंही तेच आहे. हाताने धागा काठीभोवती फिरवणाऱ्याचे वेढे कधीच सारखे येत नाहीत. बुटाच्या खोक्याच्या दोन बाजूंना इंग्रजी व्हीसारखी खाच कापा, त्यात काठी आडवी ठेवा आणि काठी फिरवा. धाग्याचं रीळ फुलपात्रात टाका, म्हणजे ते इकडे-तिकडे पळणार नाही. धागा एका जाड पुस्तकाच्या पानांतून काढा आणि पुस्तकावर वजन ठेवा. वजन कमी-जास्त केलं की ताण कमी-जास्त होतो. माझी जुनी टेलिफोन डिरेक्टरी पुरात गेली, आता पुतणीचं बारावीचं फिजिक्सचं पुस्तक वापरतो.

कडीचा एक पाय चिकटपट्टीने तात्पुरता धरायचा आणि दुसरा बांधायला घ्यायचा. सुरुवात पायाच्या तीन-चार मिलिमीटर अलीकडे, नुसत्या काठीवर. धाग्याचं टोक काठीच्या लांबीत पसरून त्याच्यावरूनच पाच-सहा वेढे घ्यायचे, मग उरलेलं टोक कापायचं. पुढे धागा किंचित मागे, झालेल्या वेढ्यांकडे झुकता ठेवायचा, म्हणजे नवा वेढा जुन्याला घासून बसतो. फार झुकवला तर त्याच्या डोक्यावर चढतो. दर आठ-दहा वेढ्यांनी थांबून बॉलपेनच्या टोपणाची गुळगुळीत बाजू फिरवून ओळ दाबून घ्यायची. त्यासाठी लोखंडाचं काही घेऊ नये, धागा फुलारतो.

पायाचं टोक आलं की हात मंदावला पाहिजे. सगळी बांधणी इथेच बिघडते किंवा साधते. वेढा पायावर चढू पाहतो आणि घसरून खाली येतो. अशा वेळी दोन वेढे उलगडून परत घ्यायला लाजू नये. मी कधी कधी या एकाच टोकावर पंधरा मिनिटं घालवली आहेत. एकपायी कडी असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पाय संपून कडीचा दांडा सुरू होतो तिथे दांड्याच्या पुढून दोन-तीन वेढे टाकायचे, नाहीतर मोठा मासा लागल्यावर पाय धाग्याखालून सटकू शकतो.

शेवटाला सहा-सात वेढे उरले की वेगळ्या धाग्याचा एक फास काठीच्या लांबीत ठेवायचा आणि त्याच्यावरून उरलेले वेढे घ्यायचे. मग धागा कापून टोक फासात ओवायचं आणि फास ओढायचा. टोक वेढ्यांखालून बाहेर येतं आणि गाठीशिवाय बांधणी बंद होते. गाठ मारली असती तर तिचा उंचवटा लेपाखाली कायमचा राहिला असता. बाहेर आलेलं टोक ताठ धरून नव्या ब्लेडने एका फटक्यात मुळाशी कापायचं. जुनं ब्लेड तंतू ओढतं आणि शेंडी उरते. पण ब्लेड काठीला लागता कामा नये. कार्बनच्या नळीवरचा एक ओरखडाही पुढे मोडायला पुरेसा असतो. उरलीसुरली लव लायटरची ज्योत क्षणभर जवळून फिरवली की जाते.

ताण किती असावा, असं प्रत्येक जण विचारतो. बांधून झाल्यावर अंगठ्याने जोर दिला तर कडी केसभर सरकली पाहिजे, इतका. सगळ्या कड्या बांधल्या की काठी डोळ्याशी धरून बुडाकडून शेंड्याकडे बघायचं आणि एकेक कडी सरळ रेषेत आणायची. धागा आवळून दगड केला असेल तर हे जमत नाही, शिवाय पाय नळीत रुततो. मोटरचं काम झालं की आम्ही मेगर लावून इन्सुलेशन बघतो आणि आकडा कळतो. इथे मेगर नाही, डोळा आणि अंगठा यांवरच भरवसा.

हा धागा आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बांबूच्या चिरट्या जोडून सहा पैलूंच्या काठ्या करायचे. त्यासाठी बांबू आपल्या कलकत्ता बंदरातून जायचा, पुढे दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू त्याच्या जागी आला. त्या काठ्यांच्या कड्या रेशमी धाग्याने बांधत आणि वार्निशचे हात देत. वार्निश मुरलं की रेशीम जवळजवळ पारदर्शक होई आणि खालचा बांबू दिसे. माझे वडील माणगा बांबूच्या काठीला सुती दोऱ्याने तारेच्या कड्या बांधायचे आणि दोऱ्यावर काजूच्या टरफलाचं तेल चोळायचे. हातांना ते तेल भाजायचं, पण दोरा पावसाला दाद देत नसे.

रेशमाची ही गोष्ट आजच्या नायलॉनलाही लागू आहे, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तोच आहे. साधा नायलॉन धागा इपॉक्सी प्याला की त्याचा रंग गडद होतो आणि तो अर्धपारदर्शक होतो. खालचा पाय दिसतो, फट दिसते, हाताचा मळ दिसतो. पोकळी राहिली असेल तर तिच्यातली हवा लेप ओला असतानाच वर येते आणि बुडबुडा उठतो. म्हणजे लेप चूक झाकत नाही. तो ती कायमची गोठवून ठेवतो. म्हणून काहीजण लेप इतका जाड देतात की खालचं काही दिसूच नये. त्या ढेकळाने काठी जड होते, नीट वाकत नाही, आणि वाकली की तडा त्याच्याच कडेला जातो. माझ्या दुकानात येणाऱ्या काठ्यांमध्ये अशा जाड लेपाच्या काठ्या सगळ्यात जास्त असतात.

लेपाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन भाग सुईच्या पिचकारीने समसमान मोजून घ्यायचे, सावकाश कालवायचे, दोन पातळ हात द्यायचे, आणि घट्ट होईपर्यंत काठी फिरती ठेवायची. मी मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची छोटी मोटर लावली आहे, ती मिनिटाला पाच-सहा फेरे घेते. आमच्याकडच्या पावसात हवा ओली असते आणि लेपावर दुधाळ साय धरते. म्हणून पावसाळ्यात मी फक्त धागा बांधतो. लेप ऑक्टोबरात, फारच घाई असेल तर स्टेटर सुकवायच्या पेटीत बल्ब लावून.

आता लोक काय म्हणतात ते. एका ओळखीच्या दुकानदाराने मला स्पष्ट सांगितलं, हजार-बाराशेत नवी काठी घरपोच येते, कोण दोन संध्याकाळी घालवणार? पैशापुरतं त्यांचं म्हणणं खोटं नाही. एक कडी बांधायचे मी शंभर रुपये घेतो आणि त्यात माझी मजुरी निघत नाही. पण ती फेकलेली काठी जाते कुठे? काचतंतू आणि कार्बन कुजत नाहीत, भंगारवालाही घेत नाही. गोवळकोटच्या धक्क्याखाली, खाडीच्या चिखलात अशा धडधाकट काठ्या मी स्वतः उचलल्या आहेत, एका कडीसाठी टाकून दिलेल्या. तंगूसाचा गुंता त्यांच्यासकट पडलेला असतो आणि त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. आणि नव्या काठीची कडीही त्याच घाईत बांधलेली असेल, तर दोन पावसाळ्यांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन उभा राहणार आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. मी त्याचं मनापासून स्वागत केलं, कारण पंपाचा सुटा भाग मिळवताना माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. पण सुटा भाग आणि माहितीपुस्तिका हातात आली तरी तो बसवणारा हात कुठून येणार? आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टकळीवर सूत काढायला लावायचे. सूत कमी आणि तुटलेले पेळूच जास्त असायचे, पण धागा किती ताण सोसतो हे बोटांना तेव्हा कळलं आणि पुढे तांब्याच्या तारेला तेच उपयोगी पडलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. कोकणातल्या शाळांनी त्यातला एक दिवस गळाच्या काठीला द्यावा. इथल्या मुलाच्या घरी काठी असतेच. तिची कडी त्याने स्वतः बांधली आणि त्याच काठीवर तांबोशी लागली, तर तो ते विसरणार नाही. माझं दुकान त्यासाठी कधीही उघडं आहे, साहित्य माझं.

माझी पुतणी गेल्या वर्षी बांधायला शिकली. पहिल्या कडीला तिला तीन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच ती भिंगाखाली धरली आणि मी काही म्हणायच्या आत ब्लेड घेऊन उलगडली. पायाच्या टोकाशी एक वेढा सुटला होता, माझ्या नजरेतून तो गेला होता. त्यानंतरची तिची बांधणी मी तपासत नाही.

दुकानदारांना माझी विनंती आहे की काठी विकताना गिऱ्हाइकाच्या हातात भिंग द्या. घेणाऱ्यांनो, किंमत आणि लांबी नंतर विचारा, आधी कडीचा पाय बघा. धागा पायावर चढतो तिथे पांढरी रेघ, बुडबुडा किंवा ढेकूळ दिसलं तर ती काठी परत ठेवा. आणि माळ्यावर एखादी कडी सुटलेली काठी पडली असेल तर ती खाडीत टाकू नका. खोका, फुलपात्र, जाड पुस्तक घरात आहेच. धागा, कानस आणि इपॉक्सी विकत आणा. ब्लेड मात्र प्रत्येक कडीला नवं घ्या.